सातव्या डीव्हीडीतली बाई

हेरंबनं पाठवलेल्या खोक्यात अकरा डीव्हीडी निघाल्या,
फुटू नयेत म्हणून लोकरीच्या मोज्यांत घातलेल्या.
मोजे ऐरोलीत काय कामाचे;
पंख्याच्या बटणाशेजारी खिळ्याला अडकवलेत.

भाचा आधी रबाळ्याला फिटर होता, आता पोलंडात
फ्रिजची दारं बसवतो. रविवारच्या जुन्या बाजारात
कुणा म्हाताऱ्याचं अख्खं घर फुटपाथवर मांडलेलं,
त्यात ही तिथली नाटकं. "मामा, भाषा कळणार नाही.
पण तुला नाटकच हवं ना, कुठलंही?"

हवं. कुठलंही.
एकतीस वर्षं विंगेत बसलो, मांडीवर संहिता,
टॉर्चला लाल फडकं बांधून,
म्हणजे पहिल्या रांगेला उजेड दिसत नाही.
इतरांची वाक्यं त्यांच्या आधी
श्वासभर अंतरावर म्हणत राहिलो.
माझं काम चोख झालं, की मी नव्हतोच.

गुरुवारी दुपारी शेजारच्या मिसेस कुरियाकोस येतात
केळ्याचे वेफर्स घेऊन. जनरल वॉर्डात
अठ्ठावीस वर्षं रात्रपाळी केलेली बाई.
खालची गिरणी चालू असते, त्यामुळे पोलंडच्या राजाला
आमच्याकडे गव्हाच्या घरघरीतून बोलावं लागतं.
सबटायटल नाहीत. आम्ही आपापल्या परीनं निभावतो:
मी म्हणतो, हा आता खोटं बोलणार, हात मागे नेला बघा.
त्या म्हणतात, ही पाच महिन्यांची आहे,
नाटकात नाही, खरंच.

तिसऱ्या डीव्हीडीत एक उंच माणूस आला, राखाडी कोट.
त्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत त्या म्हणाल्या,
"याला दमा आहे. हा अ‍ॅक्टिंग नाही."

सातवीत तोच माणूस, तोच कोट,
टेबलापाशी उभा, हातात रिकामा कप.
बोलता बोलता थांबला.
प्रेक्षकांत कुणी खोकलं,
थंडीतलं, जाड स्वेटराआडचं खोकणं.
लोकांना वाटलं असणार, काय सुंदर पॉज.
मी खुर्चीच्या कडेला आलो.
पॉज घेणारा नट समोर बघतो.
विसरलेला नट कानानं बघतो.

आणि अंधारातून, कॅमेऱ्यानं पाठ केलेल्या बाजूनं,
एका बाईचा आवाज. दोन शब्द.
दोनही नाहीत, दीड.
कप टेबलावर टेकला. वाक्य पुढे निघालं.

मी मागे नेलं. पाच वेळा ऐकलं.
सहाव्या वेळी गिरणी बंद होती, तेव्हा
तिनं श्वास घेतलेलाही ऐकू आला.
कुणीतरी हे कापायला बसलं असेल,
कापणं सोपं होतं,
आणि राहू दिलं.

हेरंबला फोनवर ऐकवलं, काय म्हणतेय रे?
"मामा, मला इथलं 'थांबा' आणि 'पुढचं' एवढंच येतं."
बरं झालं.
ते दीड शब्द आता मला पाठ आहेत,
दाढी करताना तोंडात येतात,
कशासाठी आहेत ते ठाऊक नाही.

शेवटी नावं सरकतात. आमच्यासारख्यांचं कुठे बसतं
ते मला न वाचता कळतं:
रंगभूषेच्या खाली, आभारांच्या जरा वर.
पडदा थांबवला. हालिना.
आडनावात तीन झेड, ते सोडून दिले.

नवव्या डीव्हीडीतही हालिना आहे, तळाशी.
कोटही आहे. कोटात दुसराच कुणी,
बाह्या आत दुमडून टाके घातलेले.
न अडखळता बोलत होता, खणखणीत.
मिसेस कुरियाकोस बराच वेळ बघत राहिल्या.
"खांद्यात ढगळ होतो त्याला," म्हणाल्या,
आणि वेफर्सची पिशवी
रबर लावून बंद केली.